*🚜 ट्रॅक्टरचं पाणी रोज कमी होतंय? गळती अशी शोधा*



मळणीत ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा राहून चालतो. वरून ऊन आणि समोर भुसा. अशा वेळी "सकाळी लिटरभर पाणी टाकलं की दिवस निघतो" म्हणून चालवत राहू नका. कुलंट डिझेलसारखं जळून संपत नाही. रोज कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय. आज क्लॅम्प किंवा पाईपवर भागणारं काम उद्या हेड गॅस्केटवर जातं आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर गॅरेजला उभा राहतो.

*आधी एवढं पाळा*
गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी ११० च्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की ते एकदम उसळून तोंडावर येतं. किमान तासभर थांबा. तपासताना गळ्यातला टॉवेल, उपरणं, पदर, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा.

*खरंच गळती आहे का?*
रिझर्व्ह बाटली नसलेल्या ट्रॅक्टरला काठोकाठ भरलं की गरम झाल्यावर जादाचं पाणी ओव्हरफ्लो नळीतून बाहेर पडतं. ती गळती नव्हे. गळ्याखाली दोन बोटं जागा ठेवून भरा. बाटली असेल तर पातळीवर खूण करा आणि दोन दिवस बघा. तरीही कमी झालं तर शोधा.

*शोधायचा क्रम*
१) रात्री ट्रॅक्टर सपाट जागी लावून खाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडलाय त्याच्या सरळ वर बघा. पाणी ओघळत खाली येतं, म्हणून सर्वात वरची ओली जागा हीच खरी जागा.
२) झाकणाचं रबर कडक किंवा फाटलेलं आहे का बघा. असेल तर झाकणच बदला, पण त्याच दाबाचं घ्या. दाबाचा आकडा झाकणावर असतो.
३) वरचा आणि खालचा होज पाईप थंड असताना दाबून बघा. फुगलेला, लिबलिबीत किंवा भेगा पडलेला असेल तर बदला. फक्त क्लॅम्पखाली ओलं असेल तर क्लॅम्प आवळा किंवा नवा टाका.
४) वॉटर पंपाच्या खाली बारीक भोक असतं. तिथून थेंब येत असतील तर पंपाचं सील गेलंय. ते भोक बुजवू नका, पंप दुरुस्त करा.
५) जाळीवर आणि टाकीच्या सांध्यावर पांढरे, हिरवे किंवा तांबूस ओघळ शोधा. पाणी सुकल्यावर मागे राहतात ते हेच.
६) खालचा ड्रेन कॉक नीट बंद आहे ना, तेही बघा.

थंड असताना काहीच दिसलं नाही, तर मेकॅनिककडून हातपंपाने दाब देऊन तपासून घ्या. काही गळत्या दाब आल्यावरच दिसतात.

*बाहेर थेंबही नाही, तरी पाणी कमी?*
मग आतली गळती समजा. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाच्या चहासारखं झालंय का, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का, थंड इंजिन चालू करून झाकण उघडं ठेवल्यावर सतत बुडबुडे येतात का, हे बघा. ऑईल दुधाळ दिसलं तर इंजिन अजिबात चालू करू नका. मेकॅनिकला शेतावर बोलवा.

*दुरुस्ती*
तांबं-पितळेच्या रेडिएटरला डाख लावता येतो. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाक्यांच्या रेडिएटरला तो डाख धरत नाही; त्याची टाकी, गॅस्केट किंवा पूर्ण रेडिएटर बदलावा लागतो. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. छोटं भोक काही वेळ बुजतंही, पण तोच गाळ बारीक नळ्याही बुजवतो. घरी पोचण्यापुरतं ठीक, हंगामभर नको.

भरताना बोअरचं पाणी टाळा, क्षार आत थरावतात. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी घ्या. डब्यावर 'रेडी मिक्स' लिहिलं असेल तर पाणी मिसळू नका. भरल्यावर झाकण काढूनच थोडा वेळ इंजिन चालवा, हवा निघाली की पातळी पुन्हा भरा.

*चालू कामात काटा लाल झाला तर*
भार काढा आणि दोन-तीन मिनिटं कमी गतीवर चालू ठेवा. पण पाईप फुटून पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आणि एक लक्षात ठेवा: पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो, काटा खालीच दिसतो आणि इंजिन आत तापत राहतं. नुसत्या काट्यावर विसंबू नका.

*जनावरांसाठी ⚠️*
कुलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं कुत्रा, वासरू चाटतं. माती टाकून उचलून घ्या. काढलेलं कुलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

उद्या सकाळी ट्रॅक्टर चालू करण्याआधी पाच मिनिटं द्या. पाणी, ऑईल, पाईप बघा आणि जाळीतला भुसा झाडून काढा. ड्रायव्हर वेगळा असेल तर हा मेसेज त्यालाही पाठवा.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी