रुग्णाची घंटा आणि परिचारिकेचा वेळ

रुग्णाने बोलावले आणि परिचारिका तत्परतेने आली, याहून चांगल्या रुग्णालयाची सोपी खूण दुसरी नाही. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी अशा तालुक्यांतून कोल्हापुरात उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांना डॉक्टर राऊंडच्या वेळी भेटतात. रात्रंदिवस समोर असतात त्या सिस्टर. त्यांना बोलावण्यासाठी अनेक रुग्णालयांत खाटेशेजारी बटण असते. ते दाबताच सिस्टरांच्या टेबलाजवळ घंटा वाजते, खोलीच्या दारावर दिवा लागतो आणि नव्या संगणकीकृत यंत्रणेत किती सेकंदांत प्रतिसाद मिळाला याचीही नोंद होते. ही सोय रुग्णाच्या हिताची आहे, यात शंका नाही. तथापि सेकंदांच्या या मोजणीविषयी परिचारिकांच्या मनात जी नाराजी असते, ती आळसातून आलेली नाही. तिची कारणे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय या सर्वांनी समजून घ्यावीत, या हेतूने हा विषय येथे मांडीत आहोत.

घंटेचा मूळ हेतू

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली. तेव्हा त्यांनी एक मागणी केली होती. प्रत्येक मजल्यावरील रुग्णांच्या घंटा त्याच मजल्यावरील परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात आणि कोणी बोलावले हे कळावे म्हणून त्या घंटेची झडप उघडी राहावी. अशी सोय नसेल तर परिचारिका म्हणजे केवळ धावणारे दोन पाय उरतात, असे त्यांचे म्हणणे होते. अर्थात घंटा आली ती परिचारिकेची पायपीट वाचविण्यासाठी. तिला अधिक पळविण्यासाठी नव्हे.

एका रात्रपाळीचा हिशेब

समजा, ३० खाटांच्या कक्षात आठ तासांच्या रात्रपाळीला दोन परिचारिका आहेत. प्रत्येक रुग्णाने रात्रीत केवळ ४ वेळा बटण दाबले, तरी १२० वेळा घंटा वाजेल; म्हणजे सरासरी दर चार मिनिटांना एकदा. प्रत्येक वेळी जाऊन काम करून परतण्यास चार मिनिटे धरली, तर दोघींच्या मिळून ९६० मिनिटांपैकी ४८० मिनिटे, म्हणजे निम्मी पाळी, घंटेमागे जाते. उरलेल्या वेळेत एका रुग्णाच्या वाट्याला १६ मिनिटे येतात. इंजेक्शने, सलाईन, रक्तदाब, तापाची नोंद, केसपेपर, नवा रुग्ण दाखल करून घेणे हे सारे त्यातच. शिवाय घंटा सरासरीने वाजत नाहीत. पहाटे पाचला सहा खोल्यांचे दिवे एकदम लागतात.

भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण सुचविले होते. वरील उदाहरणात एका परिचारिकेकडे पंधरा रुग्ण आहेत. यंत्र कितीही चांगले बसविले, तरी ही तफावत भरून निघत नाही. ती फक्त पडद्यावर लाल अक्षरांत दिसू लागते.

घाईची किंमत

औषध देताना परिचारिकेचे लक्ष विचलित झाले तर काय होते, याचा अभ्यास ऑस्ट्रेलियात सिडनी येथील दोन रुग्णालयांत झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. ९८ परिचारिकांनी ४,२७१ वेळा औषधे दिली, त्याचे निरीक्षण त्यात होते. प्रत्येक व्यत्ययागणिक प्रत्यक्ष औषधाच्या चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे एका रुग्णाच्या घंटेला तत्काळ दिलेले उत्तर दुसऱ्या रुग्णाच्या औषधात चूक घडवू शकते.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. खाटेजवळचे बटण दाबून घंटा बंद केली की यंत्रातील मोजणी थांबते. सेकंदांवरून कामाचे मोल ठरू लागले, की परिचारिका धावत येऊन घंटा बंद करते, “आले हं आजी, पाच मिनिटांत,” असे सांगून पुढच्या खोलीकडे वळते. कागदावर प्रतिसाद उत्तम ठरतो. आजींना मात्र बेडपॅन मिळालेले नसते. ज्या परिचारिकेने थांबून अंथरूण बदलले, कूस वळवून दिली, तिचे आकडे मात्र मागे पडतात. प्रामाणिक कामाची अशी उलटी नोंद होते, हेच परिचारिकांचे खरे दुःख आहे.

अतिदक्षता विभागात मॉनिटर आणि सलाईनच्या पंपांचे इशारेही सतत वाजत असतात. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालय-मान्यता संस्थेने २०१३ साली दिलेल्या सूचनेनुसार अशा इशाऱ्यांपैकी ८५ ते ९९ टक्के इशाऱ्यांना वैद्यकीय कृतीची गरज नसते. सततच्या आवाजाला कान सरावतात आणि खरा इशारा निसटण्याचा धोका निर्माण होतो.

घंटा वाजण्यापूर्वी

यावरील उपाय महागडा नाही. अमेरिकेतील १४ रुग्णालयांच्या २७ कक्षांतील माहितीवर आधारित एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ठरावीक वेळाने प्रत्येक रुग्णाजवळ जाऊन वेदना, लघवी-शौच, कूस बदलणे आणि पाणी, चष्मा, बटण हाताशी आहे ना, एवढे विचारण्याची पद्धत तेथे घालण्यात आली. तासातासाने फेरी झाली तेथे घंटा सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाल्या आणि रुग्ण पडण्याचे प्रमाणही घटले. मात्र अशी फेरी घालण्यासाठी माणसे हवीत. एका परिचारिकेकडे पंधरा रुग्ण असताना ती कागदावरच राहील.

तेव्हा आमचे नम्र निवेदन असे. विश्वस्तांनी प्रतिसादाचे सेकंद पाहताना त्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, हा आकडाही शेजारी मागावा. आणि औषधवाटपाच्या वेळी घंटेकडे पाहण्यास स्वतंत्र व्यक्ती नेमावी. कुटुंबीयांनी पाणी, पांघरूण, डबा यांसाठी सोबतच्या माणसाची किंवा मावशी-मामांची मदत घ्यावी. परंतु दम लागणे, छातीत दुखणे, रक्तस्राव, सलाईनच्या जागी सूज असे काही दिसल्यास क्षणाचाही संकोच न करता बटण दाबावे. देणगीदारांना विनंती, की यंत्रासाठी देणगी देताना ते वापरणाऱ्या हातांचाही विचार व्हावा. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, रात्रपाळीच्या एका जादा परिचारिकेच्या वेतनावर ते कोरता येत नाही. तरीही पहाटे पाच वाजता रुग्णाला तिचाच आधार वाटतो.