कुत्र्यामागे उभं राहायचा कोट

तो क्रीम रंगाचा कोट परत कर. टॅग काढला नसशील तर काढू नकोस आणि खोकाही फेकू नकोस. फोटोत छान दिसतेस, खोटं कशाला बोलू? कंबरेपर्यंतचा, फुगीर, पिसं भरलेला, गळ्याशी मऊमऊ खोटी फर. जावईबापूंबरोबर जेवायला जायला अगदी झकास. पण तू तो घेतलास मोत्याला फिरवायला, आणि त्या कामाला तो दोन आठवडेसुद्धा पुरणार नाही. ऑनलाइन मागवलायस ना? मग हातात पडल्यापासून १४ दिवसांत ‘नको’ म्हणून कळवायचा हक्क इथे ब्रिटनमध्ये कायद्यानं दिलाय, कारणही द्यावं लागत नाही. दुकानात जाऊन घेतला असतास, तर नुसतं मन बदललं म्हणून परत घेणं न घेणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं. तेवढं तुझं नशीब बरं.

आता तू म्हणणार, ‘ताई, आपण चिपळूणच्या, आपल्याला पावसाचं काय शिकवतेस?’ ऐक तर. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुझ्या ग्लासगोत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळं उरकतो, आणि तो असतो कोमट. भिजलीस तर घरी येऊन डोकं पुसायचं, आल्याचा चहा घ्यायचा, संपलं. ग्लासगोतला पाऊस बारा महिने थोडाथोडा येत राहतो. हिवाळ्यात चार-पाच अंश तापमान, वरून पडण्याऐवजी आडवी येणारी भुरभुर आणि वारा. या पावसात माणूस भिजत नाही, गारठतो. आणि छत्रीचं तर नावच काढू नकोस. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात शीची पिशवी, छत्री धरायला तिसरा हात कुठला? त्यातून क्वीन्स पार्कच्या त्या झेंड्याच्या टेकडीवर छत्री उघडून बघ एकदा, तीच तुला फिरवून आणेल.

मुद्द्याची गोष्ट अशी की दुकानातले बहुतेक भारी वॉटरप्रूफ कोट डोंगर चढणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. चढणाऱ्याचं अंग आतून तापतं, घाम येतो, म्हणून त्याचा कोट पातळ, हलका, आखूड आणि वाफ बाहेर सोडणारा. तू काय करतेस? दहा पावलं चालतेस आणि थांबतेस. मोत्या एका खांबाशी उभा राहून मागच्या आठवड्यातल्या सगळ्या कुत्र्यांची हजेरी घेतो, आणि तू पट्टा धरून ताटकळतेस. मग वाकतेस, उचलतेस, पुन्हा थांबतेस. तुझं निम्मं काम उभं राहायचं आणि उरलेलं वाकायचं. लावणीला वाकलेल्या बायका छत्री घेत नाहीत, इरलं घेतात, कारण त्या कामात पाऊस पाठीवर पडतो. तसा तुझा कोट तुझ्या कामावरून ठरव, जाहिरातीतल्या शिखरावरून नको.

म्हणून पहिलं लांबी बघ. कंबरेपर्यंतच्या कोटावरून पाणी ओघळतं ते थेट मांड्यांवर, आणि ओली जीन्स घरी येईपर्यंत वाळत नाही. कोट निदान अर्ध्या मांडीपर्यंत हवा. पण लांब कोटात वाकता आलं पाहिजे, म्हणून चेन दोन्हीकडून उघडणारी घे. खालून वीतभर उघडली की गुडघे मोकळे होतात. ही सोय नसलेला लांब कोट घालून चिखलात खाली बसून दाखव, मग मी काय म्हणते ते कळेल.

दुसरं, ऊब. पिसांची ऊब वजनाच्या मानानं सगळ्यात जास्त, यात वाद नाही. पण ती ऊब पिसांची नसते, पिसांमध्ये अडकलेल्या हवेची असते. पिसं भिजली की एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, हवा जाते आणि ऊबही जाते. वाळायलाही वेळ घेतात. कृत्रिम तंतूंचं भरण थोडं जड असतं, पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवतं आणि मशीनमध्ये धुताही येतं. तुला तेच बरं. ज्याच्या आत वेगळं फ्लीसचं जॅकेट चेननं जोडता-काढता येतं, तोही प्रकार चांगला. थंडी ओसरली की आतलं काढून ठेवायचं, नुसता वरचा कोट पावसाळी म्हणून चालतो, आणि ग्लासगोत तो जुलैतही लागतो. फक्त आत सुती टी-शर्ट घालत जाऊ नकोस. सूत एकदा ओलं झालं की अंगाला गार चिकटून राहतं. लोकर किंवा फ्लीस घाल.

आता पाणी. लेबलावर ‘शॉवरप्रूफ’ किंवा ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत पोचशील. ‘वॉटरप्रूफ’ हवा, आणि त्यापुढे मिलिमीटरमध्ये आकडा असतो तो बघ. कापडावर पाण्याचा खांब उभा करतात आणि किती उंचीला थेंब आत झिरपतो ते मोजतात. १०,००० म्हणजे दहा मीटर उंचीचा खांब. तुला तेवढं भरपूर झालं. २०,००० आणि वरचे आकडे पाठीवर सॅक घेऊन दिवसभर पावसात राहणाऱ्यांचे, कारण सॅकचा पट्टा दाबतो तिथे पाणी जोरानं आत घुसतं. दुसरा आकडा असतो वाफ बाहेर जायचा, चोवीस तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम. तू उभीच असतेस, तेव्हा त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. अगदीच शून्य मात्र नको. शाळेतला तो रबरी रेनकोट आठवतोय ना? बाहेरचं पाणी आत यायचं नाही, पण आतल्या घामानंच युनिफॉर्म ओला.

गंमत म्हणजे त्या रेनकोटाचा पूर्वज तुझ्याच गावचा. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली पेटंट घेतलं. कोळशाचा गॅस करताना उरणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर द्यायचा. सुरुवातीचे कोट उन्हात चिकट व्हायचे, थंडीत ताठ, आणि वास मारायचे तो वेगळाच. घामाचं कोडं सुटायला १९६९ उजाडलं. अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची तापवलेली कांडी हळूहळू ताणत होता, ती सारखी तुटायची. एकदा त्यानं वैतागून जोरात हिसका दिला, तर ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली. तिच्यात इतकी बारीक छिद्रं झाली की वाफ जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. गोर-टेक्स ते हेच. आता दुसऱ्या कंपन्यांचे तसले पडदेही मिळतात आणि कुत्रा फिरवायला त्यांतला मधल्या किमतीचा कुठलाही चालेल.

आकड्यांपेक्षा शिवण जास्त दगा देते. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. कोट उलटा करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बघ. सगळ्या शिवणींवर हवी. काही कोटांत फक्त खांदे नि टोपी एवढ्याच शिवणी पट्टीनं बंद करतात. अस्तरामुळे आतलं दिसत नसेल तर दुकानात स्पष्ट विचार. चेनवर बाहेरून झाकणपट्टी आहे का, तेही.

खिशांकडे बायकांच्या कोटात कुणी लक्ष देत नाही. बोटं जेमतेम मावतील एवढाले खिसे, ते नुसते शोभेला. तुला मोजून लागतील. कोऱ्या पिशव्यांचा एक, आणि तो असा की न बघता हात गेला पाहिजे, कारण स्कॉटलंडमध्ये शी तशीच टाकून गेलीस तर ८० पौंड दंड आहे. खाऊचा एक, त्याचं अस्तर गुळगुळीत हवं, उलटून पुसता येईल असं. किल्ल्या आणि फोनसाठी चेनचा, आतल्या बाजूला. वापरलेली पिशवी खिशात घालायची नाही, गाठ मारून पट्ट्याला अडकवायची आणि पहिली कचराकुंडी दिसली की टाकायची. घरी आल्या आल्या खाऊचा खिसा रिकामा करायची सवय लाव. माझ्या शेजारणीच्या लॅब्रॅडॉरनं खुंटीवरचा कोट खाली ओढून खिशासकट बिस्किटं खाल्ली. तुझा तर ग्रेहाउंड, त्याला खुंटीपर्यंत उडीसुद्धा मारावी लागणार नाही.

बाह्यांचं तर कुणी सांगतच नाही. मोत्याला समोरच्या झुडपात ससा दिसला की तुझा हात ताडकन वर जातो. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या वर पळतो, तेव्हा तू त्याला गमतीत घेऊ नकोस. हात वर गेला की पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत. मनगटाशी घट्ट करता येणारी पट्टी हवी, नाहीतर आत लवचीक कफ. हातमोजे पकड असलेले घे. गुळगुळीत लोकरीच्या मोज्यातून ओला पट्टा सटकतो.

टोपी मागून आवळता आली पाहिजे आणि पुढे कडक झापड पाहिजे. नाहीतर तू डावीकडे बघतेस आणि टोपी समोरच बघत राहते, अशानं रस्ता ओलांडणार कशी? ती खोटी फर पाणी पिते, शेवाळासारखी लोंबते. काढता येत असेल तरच घे.

रंगाबद्दल माझं मत तुला पटायचं नाही. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी उगवतो पावणेनऊच्या आसपास. म्हणजे मोत्याच्या दोन्ही फेऱ्या अंधारात. काळा कोट घालून काळोखात रस्त्याकडेनं चाललीस तर गाडीवाल्याला दिसणार काय, कप्पाळ? पिवळा, लाल, केशरी नको असेल तर निदान बाह्यांवर आणि पाठीवर चमकत्या पट्ट्या असू देत. क्रीम रंगाला मोत्याचा पंजा पहिल्याच दिवशी सही करून ठेवेल. त्याच पंजासाठी कापड जरा जाड घे. फार पातळ, सळसळणारं कापड नखानं फाटतं.

मेण चढवलेले सुती कोट तिकडे पाहिले असशील. साउथ शील्ड्सच्या बार्बरचे प्रसिद्ध आहेत, १८९४ सालची कंपनी. झुडपांत, काट्यांत त्यांना तोड नाही, दिसतातही रुबाबदार. पण ते मशीनमध्ये घालता येत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे, आणि अधूनमधून नव्यानं मेण चढवून घ्यायचं. एवढी निगा तू राखशील? लहानपणी सायकलला तेल कोण घालायचं, ते मला विचारू नकोस. पोहणाऱ्यांचे ते मोठ्ठे झगे घालूनही हल्ली अर्धं ब्रिटन कुत्री फिरवतं. उबदार असतात खरे, मी नाही म्हणत नाही, पण त्यांत चाललं की पायांत येतात आणि बसमध्ये दोन माणसांची जागा अडवतात.

पैशांचं म्हणशील तर शंभर ते दीडशे पौंडांत, सेल गाठलास तर त्याहून कमीत, वर सांगितलं ते सगळं मिळतं. तीनशेच्या पुढे नाव विकत घेतेस. वापरलेले कपडे विकणाऱ्या व्हिंटेडवर किंवा चॅरिटी शॉपमध्येही बघ, फक्त आतल्या पट्ट्या सुटल्या नाहीत ना ते तपास. आईला आकडा सांगू नकोस. ती रुपयांत हिशेब करेल आणि मग कुत्रा आणि कोट दोन्हींवर एकदमच बोलेल.

दुकानात जाशील तेव्हा जाड स्वेटर घालून जा. दोन्ही हात वर कर, उकिडवी बस, टोपी घालून मान वळव, हातमोजे घालून चेन लाव. लोक बघतील, बघू देत.

कोट घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तुझा फोन येईल की ‘ताई, गळायला लागला.’ बहुधा गळत नसेल. वरच्या कापडावर पाणी घरंगळून जावं म्हणून एक लेप असतो; चिखल, घाम आणि हाताचं तेल लागून तो मंदावतो, मग वरचं कापड पाणी पितं, आतली वाफ कोंडते आणि गार ओलं लागतं. बऱ्याच नव्या कोटांतून पीएफएएस नावाची ती हट्टी रसायनं काढून टाकलीत, ते चांगलंच झालं, पण नवे लेप तेलापुढे तितके टिकत नाहीत. म्हणून धू, घाबरू नकोस. अशा कापडांसाठी वेगळा साबण मिळतो तो वापर, आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्यानं लेपाची पार वाट लागते. लेबलावर परवानगी असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरव. उष्णतेनं लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळत नसतील तेव्हा नवा लेप द्यायची बाटली आण.

खाली पावसाळी पँट जीन्सवरून चढवायची आणि पायांत वेलिंग्टन, ते तुला ठाऊकच आहे.

आणि हो, मोत्यालाही कोट लागेल. ग्रेहाउंडच्या अंगावर ना चरबी, ना दाट केस. तुझ्याआधी तोच कुडकुडेल. मानेच्या पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीचं माप घे, शिवाय छातीचा घेर, आणि मला पाठव. इथे लीड्सच्या बाजारात एक बाई छान शिवून देतात. माप तो उभा असतानाच घ्यायचं. लोळत पडलेल्या कुत्र्याचं माप काही खरं नाही, आणि तुझा तर म्हणे दिवसभर सोफ्यावर पाय वर करून झोपलेला असतो, तेव्हा हातात बिस्किट घेऊनच टेप काढ.