खोलीतील उजेडाचा हिशेब

गोवंडी व मानखुर्द येथील पुनर्वसन वसाहतींतील तळमजल्याच्या कित्येक खोल्यांत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. नटवर पारेख आणि लल्लुभाई या वसाहतींत समोरासमोरच्या इमारतींमधील अंतर अवघे ३ मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व पवईची आयआयटी यांचा जो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात येथील क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या सूर्यप्रकाशाशी व कोंडलेल्या हवेशी जोडण्यात आला. खालच्या मजल्यांवर रुग्ण अधिक आढळले. इमारत उभी राहिल्यावर हे कळून काय उपयोग? नकाशा कागदावर असतानाच प्रत्येक खोलीतील उजेड मोजता यावयास हवा, आणि तो मोजता येतो.

हे गणित करणारी ‘रेडियन्स’ ही आज्ञावली ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत रचावयास घेतली. आज ती कोणासही विनामूल्य वापरता येते. तिची रीत उलट्या पावलांची आहे. आकाशातून निघालेल्या अगणित किरणांचा माग काढत बसण्याऐवजी ती खोलीतील एखाद्या बिंदूपासून किरण सोडते आणि भिंतींवर आपटत तो आकाशापर्यंत पोहोचतो किंवा कसे, ते पाहते.

नकाशे तपासण्यासाठी एखादे कार्यालय स्वतःचे सॉफ्टवेअर करवून घेते, तेव्हा हे गणित नव्याने लिहिण्याचे कारण नाही. रेडियन्स हा लहान लहान आज्ञावल्यांचा संच आहे. आपल्या सॉफ्टवेअरने भिंती व खिडक्यांची मापे साध्या मजकुराच्या फायलीत लिहून द्यावयाची. ‘जेनस्काय’ आकाशाचे वर्णन तयार करते, ‘ओकॉन्व्ह’ सारे एकत्र बांधते आणि ‘आरट्रेस’ला बिंदूंची यादी दिली की प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे परत येतात. त्यांना अनुक्रमे ०.२६५, ०.६७० व ०.०६५ ने गुणून बेरीज करावी आणि ती १७९ ने गुणावी, म्हणजे लक्स मिळतात. रंगीत चित्रेही काढता येतात व ती देखणी असतात. परंतु मंजुरी द्यावयाची ती आकडा पाहून.

आकडा कशाशी ताडावयाचा? भारतीय मानक २४४० नुसार बैठकीच्या खोलीत बाहेरील उजेडाच्या ०.६२५ टक्के व स्वयंपाकघरात २.५ टक्के उजेड अपेक्षित आहे. हिशेबासाठी बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरतात. म्हणजे अनुक्रमे ५० व २०० लक्स.

खरी गफलत जोडणीत होते. शेजारची इमारत नकाशाच्या हद्दीबाहेर म्हणून फायलीत घातलीच नाही, तर यंत्र निमूटपणे मोकळे मैदान समजते आणि अंधारी खोली उत्तीर्ण होते. समजा, समोरची इमारत २३ मीटर उंच आहे व आपली खिडकी जमिनीपासून दीड मीटरवर. ३ मीटरच्या बोळातून क्षितिजापासून ८२ अंशांपर्यंत समोरची भिंतच दिसते; माथ्यावर आकाशाची ८ अंशांची चिंधी तेवढी उरते. खोलीच्या आतून तीही दिसत नाही. जो काही उजेड येतो तो भिंतीवरून भिंतीवर उड्या घेत येतो. ‘आरट्रेस’मध्ये अशा उड्यांची संख्या सांगितली नाही तर ती शून्य धरली जाते आणि ढगाळ आकाशाखाली खोली काळीकुट्ट ठरते. पाच-सहा उड्यांपासून आरंभ करून, आकडा बदलेनासा होईपर्यंत ती वाढवावी. वेळ लागतो, पण त्याला इलाज नाही.

जोडणी पुरी झाल्यावर आधी रिकामे मैदान मोजून पाहावे. आकाशाला ८,००० लक्स दिले असता मैदानावर तेवढेच आले नाहीत, तर चूक गुणाकारात किंवा आकाशाच्या वर्णनात असू शकते. मापे मात्र वेगळी तपासावीत; पुष्कळदा नकाशा मिलिमीटरमध्ये व यादीतील बिंदू मीटरमध्ये असतात!

राहता राहिला भिंतींचा रंग. आराखड्यात ठेकेदार बाहेरची भिंत पांढरीशुभ्र दाखवितो. मुंबईच्या चार पावसाळ्यांनंतर ती शेवाळून काळवंडते आणि अशा बोळात तर सारा उजेड तिच्याच भरवशावर असतो. म्हणून त्या भिंतीचे परावर्तन ७० टक्के न धरता ३० टक्के धरावे व तळमजल्याचा आकडा पुन्हा काढावा. मंजुरीच्या टिपणीवर हा दुसरा आकडा असावा.