बॅटरी भरावी, पण बेताने

मंडळी, पूर्वी फवारणीचा पंप हाताने मारावा लागे. दांडा मारून मारून खांदा भरून येई. आता पाठीवरचा पंप बॅटरीवर चालतो. रात्री चार्जरला लावला की सकाळी काम सुरू. सोय मोठी आहे. पण या बॅटरीची रीत समजून घेतली नाही, तर घराला आग लागू शकते. म्हणून हा धडा नीट वाचावा आणि घरात सर्वांना वाचून दाखवावा.

बॅटरीच्या पोटात काय असते?

पंपाच्या बॅटऱ्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. एक जुनी, शिशाची. ती वजनाला जड असते. दुसरी नवी, लिथियमची. ती हलकी असते. लिथियम हा एक धातू आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली. मोबाइलमध्येही हीच बॅटरी असते.

लिथियमच्या बॅटरीत छोटे छोटे सेल एकाला एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात आणि मध्ये पातळ पडदा असतो. बॅटरी भरताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. बॅटरी वापरताना ते परत येतात.

व्होल्ट म्हणजे काय?

सायकलच्या ट्यूबमध्ये आपण हवा भरतो. हवा भरेल तसा आतला दाब वाढतो. बेताने भरली तर चाक छान पळते. पुढेही भरतच राहिलो तर ट्यूब फुटते. विजेलाही असाच दाब असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात.

नेहमीचा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तिथे थांबलेच पाहिजे. पुढे दाब दिला तर लिथियमचे कण आत मावत नाहीत. ते वरच साचून राहतात. सेल तापतो, फुगतो. आतला पडदा खराब झाला की दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात. मग सेल पेट घेतो, आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते.

थोडा हिशेब करू

समजा, बॅटरीत असे तीन सेल ओळीने जोडले आहेत. तर ४.२ गुणिले ३, म्हणजे १२.६ व्होल्ट. ही तिची शेवटची हद्द झाली.

शिशाची बारा व्होल्टची बॅटरी भरताना सुमारे १४.४ व्होल्ट दाब देतात. तोच चार्जर या लिथियमच्या बॅटरीला लावला तर? १४.४ भागिले ३, म्हणजे प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट. हद्द ४.२ ची, आणि दाब ४.८ चा! धोका इथेच आहे.

लिथियमची आणखी एक जात आहे. तिला लिथियम-फॉस्फेट म्हणतात. तिचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. चार सेल जोडले तर १४.६ व्होल्ट होतात. म्हणजे तिन्ही बॅटऱ्यांना लोक ‘बारा व्होल्टची’ म्हणतात, पण प्रत्येकीची हद्द निराळी.

आता हे बोलणे ऐका.

“अण्णा, आपला चार्जर सापडत नाही. शेजारच्या काकांचा आणला आहे. पिन अगदी बरोबर बसते.”

“पिन बसली म्हणून चार्जर जुळला असे नाही, बाळा. काकांचा पंप जुना, शिशाच्या बॅटरीचा. आपली लिथियमची. परत देऊन ये.”

“पण अण्णा, उद्या फवारणी आहे ना?”

“फवारणी एक दिवस पुढे जाईल. घर जळाले तर काय करायचे?”

अण्णांचे म्हणणे खरे आहे. चांगल्या बॅटरीत जादा दाब तोडणारी एक पट्टी बसवलेली असते. पण तिच्या भरवशावर चुकीचा चार्जर लावू नये. पट्टी बिघडलेली असली तर बाहेरून कळत नाही.

चार्जर कसा वाचावा?

चार्जरवर दोन ओळी असतात. ‘इनपुट’ म्हणजे भिंतीतून येणारी वीज. ‘आउटपुट’ म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज. आपण आउटपुटचा आकडा पाहावा. बॅटरीवर किंवा तिच्या पुस्तिकेत भरण्याचा जो आकडा दिला असेल, तोच इथे हवा. बॅटरीची जातही एकच हवी. आकडे आणि अक्षरे इंग्रजी असतात. येत नसतील तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. चार्जर हरवला तर पंपाचा नमुना सांगून तसाच मागावा.

भरताना घ्यायची काळजी

१. बॅटरी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर ठेवून भरावी. गादी, गोधडी, कडबा आणि रॉकेल यांपासून दूर ठेवावी.
२. दारातच भरायला ठेवू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाट अडते.
३. घरातील माणसे जागी असताना भरावी. भरली की चार्जर काढावा.
४. उन्हात तापलेली बॅटरी लगेच लावू नये. सावलीत निवू द्यावी. ओली असेल तर आधी कोरडी करावी.
५. फुगलेली, चेपलेली, गळणारी किंवा वास येणारी बॅटरी कधीही भरू नये.
६. हंगाम संपला की लिथियमची बॅटरी साधारण अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. अगदी रिकामी करून महिनोन्महिने ठेवली तर ती खराब होते. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी.

धूर निघाला तर?

आधी मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढावे. तो धूर विषारी असतो. जाता जाता हाताशी असेल तरच मेन स्विच बंद करावा. पेटलेली बॅटरी उचलून बाहेर न्यायला जाऊ नये. ती हातातच फुटू शकते. १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटू शकते. म्हणून लगेच जवळ जाऊ नये.

निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, फोडू नये, मुलांना खेळायला देऊ नये. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून ती दुकानदाराकडे परत न्यावी.

विहिरीतून किती पाणी उपसावे, बैलावर किती ओझे घालावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बॅटरीचाही बेत तसाच ओळखावा.

सांगा पाहू

१. नेहमीचा लिथियम-आयन सेल किती व्होल्टला पूर्ण भरतो?
२. असे चार सेल ओळीने जोडले तर बॅटरीची हद्द किती होईल?
३. पिन बसत असूनही अण्णांनी चार्जर परत का पाठवला?
४. तुमच्या घरातील चार्जरवर आउटपुटचा आकडा कोणता आहे? वहीत लिहून आणा.