नाकातील चमकी आणि शरीअत

रत्नागिरी जिल्ह्यातील एका कोकणी मुस्लिम घराण्यातील, शिक्षणासाठी पुण्यात राहणाऱ्या वीस वर्षांच्या एका मुलीने प्रश्न विचारला आहे. तिला नाक टोचून घ्यावयाचे आहे. आजी म्हणते, नाक टोचल्यावर गुस्ल होत नाही. भाऊ म्हणतो, अल्लाहने घडविलेल्या देहात बदल करणे हराम आहे आणि नथ ही इतर धर्मीयांची खूण आहे. मावशीचे म्हणणे असे की नथ ही लग्न झालेल्या बाईचा दागिना आहे, कुमारिकेने ती घालू नये. तिच्यासोबत खोलीत राहणाऱ्या मराठवाड्यातील मैत्रिणीचे नाक मात्र लहानपणीच टोचलेले आहे आणि तिला आजवर कोणी एक शब्दही बोलले नाही. मुलगी विचारते, ‘आमच्या दोघींचा दीन एकच ना?’

दीन एकच आहे. परंतु हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही, कारण त्यात शरीअत, रूढी आणि घरातील वडीलधाऱ्यांचा धाक असे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सुटे करून पाहिले पाहिजेत.

प्रथम भावाचा आक्षेप घेऊ. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत सैतानाची प्रतिज्ञा आली आहे की, तो माणसांना जनावरांचे कान चिरावयास व अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करावयास लावील. शरीर गोंदविणाऱ्या व सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार करणारी ह. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांची हदीसही प्रसिद्ध आहे. या आधारांवर भावाने थांबावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्याने बुखारी शरीफमधील ईदच्या दिवसाची हदीसही वाचावी. प्रेषित मुहम्मद (स.) ईदची नमाज झाल्यावर स्त्रियांकडे गेले आणि त्यांनी सदका देण्याचा उपदेश केला. तेव्हा त्या स्त्रिया आपल्या कानांतील व गळ्यातील दागिने काढून ह. बिलाल (रजि.) यांनी पसरलेल्या वस्त्रात टाकू लागल्या. ह. आयशा (रजि.) यांनी सांगितलेल्या उम्मे ज़रअच्या कथेतही पतीने दागिन्यांनी कान जड केल्याचे ती स्त्री कौतुकाने सांगते. सहाबियात कानांत दागिने घालीत होत्या आणि त्यांना त्यापासून रोखण्यात आले नाही. यावरून बहुसंख्य फुकहांनी स्त्रीच्या अलंकारासाठी कान टोचणे हा निषिद्ध फेरफार नव्हे असे मानले. (इमाम गज़ाली (रह.) यांनी मात्र ‘इहया’मध्ये कान टोचण्यासही हरकत घेतली आहे, हे येथे लपविण्याचे कारण नाही.)

कानाविषयी हे झाले. नाकाविषयी स्पष्ट हदीस नाही, म्हणून येथे मजहबांची वाट निराळी होते, आणि मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथेच दडलेले आहे. हनफी फिकहच्या ‘दुर्रुल मुख्तार’ या ग्रंथात नाकातील कडीविषयी ग्रंथकार प्रामाणिकपणे लिहितात की, याविषयीचे मत माझ्या पाहण्यात आलेले नाही. त्यावर भाष्य करताना दमास्कसचे अल्लामा इब्ने आबिदीन (रह.) (निधन १८३६) म्हणतात की, ज्या प्रदेशात स्त्रिया हा अलंकार वापरतात तेथे त्याचा हुकूम कान टोचण्यासारखाच आहे. याउलट मक्केत वास्तव्य केलेले सोळाव्या शतकातील शाफई फकीह इब्ने हजर हैतमी (रह.) यांनी नाक टोचणे नाजायज ठरविले. त्यांनी दिलेले कारण मात्र लक्षपूर्वक वाचावे. थोडक्या लोकांखेरीज कोणी याला शोभा मानीत नाही, मग त्यासाठी शरीराला जखम का करावी, असे ते विचारतात.

कोकणातील मुस्लिम शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणून आजी-भावाचा कडकपणा आणि मैत्रिणीच्या घरातील मोकळेपणा या दोहोंना आधार आहे, जरी त्यांच्यापैकी कोणी तो ग्रंथातून वाचलेला नसेल. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, दोन्ही फुकहा एकाच गोष्टीकडे पाहत आहेत, ती म्हणजे उर्फ, लोकांतील प्रचलित रिवाज. एकाने तो आढळला म्हणून मुभा दिली, दुसऱ्याला तो आढळला नाही म्हणून नाकारली. आपल्या मुलखात चमकी ही शोभा मानली जाते यात कोणास शंका आहे? तरीही शाफई मुलीने आपल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारूनच पाऊल उचलावे, आमच्या तर्कावर नव्हे.

इतर धर्मीयांच्या अनुकरणाचा मुद्दा इतका बळकट नाही. हिंदुस्थानच्या प्राचीन वाङ्मयात नाकातील दागिन्याचा मागमूस जवळजवळ लागत नाही, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी नथीवरील आपल्या लेखात दाखविले. अ. स. आळतेकरांनी तर हा अलंकार मुस्लिमांच्या सहवासातून आला असावा असे मत मांडले. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात ह. इब्राहीम (अ.) यांचा सेवक ह. इसहाक (अ.) यांच्या नियोजित वधूच्या नाकात कडी घालतो असे वर्णन आहे. तेव्हा जो दागिना अनेक समाजांत शतकानुशतके चालत आला, तो कोणा एका धर्माची खूण राहत नाही. पुरुषांची गोष्ट वेगळी. हल्ली काही तरुण कान-नाक टोचून घेतात. स्त्रियांचे अनुकरण करणाऱ्या पुरुषांचा धिक्कार हदीसमध्ये स्पष्ट असल्याने त्यांना ही वाट मोकळी नाही.

मावशीचे बोलणे मात्र निव्वळ रूढीचे आहे, आणि रूढीची ही बाजू घातक आहे. नथ सौभाग्याची मानली की ती विधवेच्या नाकातून ओढून काढली जाते आणि मरेपर्यंत परत येत नाही. शरीअतने पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत ठेवली आहे. त्या काळात स्त्रीने शृंगार टाळावा. ती मुदत संपल्यावर तिला दागिना घालण्यापासून रोखण्याचा अधिकार सासूलाही नाही आणि दिरालाही नाही. जो दागिना लग्नामुळे फर्ज होत नाही, तो लग्नाअभावी मना कसा होईल? मूल जगावे म्हणून मुलाचे नाक टोचण्याचा नवस, अमुक नाकपुडी टोचल्यास बाळंतपण सुलभ होते ही समजूत, हेही याच जातीचे. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे, सोन्याच्या तारेत नाही.

आता आजीचा प्रश्न. तो सर्वांत मोलाचा आहे, कारण तो नमाजच्या काळजीतून आलेला आहे. हनफी मजहबात गुस्लमध्ये नाकात पाणी घेणे फर्ज आहे. शाफई मजहबात ते सुन्नत असून त्वचेचा दर्शनी भाग भिजणे आवश्यक आहे. जखम भरल्यानंतर गुस्ल करताना चमकी हलवून फिरवावी, म्हणजे तिच्याखाली पाणी पोहोचते. तेवढे पुरे. दागिना काढलेला असेल तर छिद्रावरून पाणी वाहिले की झाले, काडी खुपसण्याची गरज नाही. जखम ओली असताना पाण्याने अपाय होईल असे डॉक्टर म्हणत असतील, तर तेवढ्या भागावर ओला हात फिरवावा. त्यानेही अपाय होत असेल तर तो भाग सोडावा. शाफई मजहबात न धुतलेल्या भागाच्या बदली तयम्मुमही करावा लागतो. सामान्यतः स्वच्छ पाण्याने अपाय होत नाही, त्यामुळे हा प्रसंग क्वचितच येईल. जखमेतून रक्त किंवा पू वाहिला तर हनफी मताने वुजू तुटतो. नुसता ओलसरपणा असेल तर नाही. शाफई मताने तो वाहिल्यानेही तुटत नाही.

सजद्याचे मात्र कोणी सांगत नाही. सात अवयवांवर सजदा करण्याच्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) कपाळाचा उल्लेख करून हाताने नाकाकडे निर्देश केला. ताज्या जखमेवर जाजमाचा दाब पडला की डोळ्यांत पाणी येते, आणि मुलगी नकळत सजदा आखडता घेऊ लागते. वेदना असह्य असेल तर काही दिवस कपाळावर सजदा करण्याची सवलत आहे. परंतु रमजानच्या तोंडावर, तरावीहच्या दिवसांत नाक टोचून घेण्याची घाई कशाला?

जखमेला कमी लेखू नये. कानाच्या पाळीत हाड नसते; नाकपुडीत मात्र कूर्चा असते, म्हणून ती भरून यायला दोन ते चार महिने, कधी त्याहून अधिक लागतात. सुई नवी, एकदाच वापरावयाची आणि आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. दूषित सुईने कावीळ ‘ब’ व ‘क’ यांसारखे रोग रक्तात जातात. बंदुकीसारख्या यंत्राने नाक टोचून घेऊ नये. मिठाच्या पाण्याने खपली मऊ करून पुसावी, नखाने काढू नये. मधुमेह असेल किंवा जखमेचा व्रण फुगत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि स्त्री डॉक्टर किंवा हे काम जाणणारी बाई उपलब्ध असताना परपुरुषापुढे बसू नये.

राहिली संमतीची बाब. वीस वर्षांची मुलगी बालिग आहे, तिच्या नमाज-रोज्याचा हिशेब तिच्याकडूनच घेतला जाईल. पण आईला न सांगता टोचलेले नाक घेऊन सुट्टीत घरी जाणे आम्हास बरे वाटत नाही. आईने ‘स्थळे येताहेत, लोक काय म्हणतील’ एवढ्यावरच अडविले, तर मुलीने ते ऐकून घ्यावे आणि पुन्हा विचारावे. एखादा महिना थांबल्याने चमकी जुनी होत नाही. आईनेही मुलीच्या पाळण्यातील वयात तिला न विचारता तिचे कान टोचले होते, हे आठवावे. सूरह नूरच्या ३१ व्या आयतीतील शोभा न मिरविण्याचा आदेश दोघींनाही ठाऊक आहेच. लहानशी चमकी आणि गालभर नथ यांतला फरक त्यांनीच ओळखावा.

एक गोष्ट जाता जाता. चमकी सोन्याची असेल तर हनफी मैत्रिणीने ती आपल्या इतर दागिन्यांच्या वजनात धरावी. सोने साडेसात तोळ्यांवर गेले की वापरातल्या दागिन्यांवरही जकात आहे. शाफई मजहबात वापरातल्या जायज दागिन्यांवर ती नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या या दोघी वर्षाअखेरीस हिशेब मांडतील, तेव्हा त्यांची बेरीज वेगवेगळी येईल.