संगणकाच्या गाभ्यातील नामकरण

भंडारा जिल्ह्यात लाखनी आणि लाखांदूर अशी दोन तालुक्याची गावे आहेत. पाकिटावर कोणी घाईघाईने नुसते 'लाख., जि. भंडारा' असे लिहिले, तर पत्र कोठे जाईल? घरातल्या बोलण्यात अर्धे नाव चालते; टपालाच्या थैलीत चालत नाही. नावांचा असा घोटाळा टाळता यावा म्हणून टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन कोडची पद्धत आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सुरुवातीचे ४४ हे आकडे वाचताच पत्र विदर्भातले आहे हे समजते. पुढचे आकडे ते नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत पोचवतात.

संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उभा राहतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. स्मृतीची वाटणी करणे, प्रत्येक कामाला वेळ देणे, डिस्क आणि कळफलक यांच्याशी बोलणे ही त्याची कामे. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नेलमध्ये आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्या जगभरच्या हजारो लोकांनी लिहिल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नाही. त्यांना बांधून ठेवणारा एक धागा म्हणजे फंक्शनांची नावे.

फंक्शन म्हणजे नाव दिलेली आज्ञांची जुडी. ती एकदा लिहायची आणि नाव घेऊन हवी तितक्या वेळा बोलवायची. काही फंक्शने एकाच फाइलपुरती असतात; त्यांचे नाव आखूड असले तरी बिघडत नाही. काही मात्र सगळ्या कर्नेलने मिळून वापरायची असतात. अशा सामाईक फंक्शनांसाठी तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, नावावरून काम कळावे. चालू वापरकर्ते मोजणाऱ्या फंक्शनाला 'काउंट_ॲक्टिव्ह_यूजर्स' म्हणावे, 'सीएनटीयूएसआर' म्हणू नये, असे लिनक्सच्या लेखननियमांतच सांगितले आहे.

दुसरे, घराण्याचे नाव आधी लावावे. यूएसबीची सामाईक फंक्शने साधारणपणे 'यूएसबी_' ने सुरू होतात, पीसीआयची 'पीसीआय_' ने. कर्नेलची सी भाषा प्रत्येक विभागाला नावांची वेगळी पेटी देत नाही. दोन सामाईक फंक्शनांचे नाव एकच निघाले, तर सर्व तुकडे जोडणारा लिंकर काम थांबवतो.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे: नावाने खोटा भरवसा देऊ नये. सी भाषेत मजकूर जेथे संपतो तेथे शून्याची खूण असते. 'स्ट्रएनकॉपी' हे जुने फंक्शन ठरावीक घरांपुरताच मजकूर उतरवते, म्हणून ते सुरक्षित वाटते. पण आठ घरांत आठ अक्षरे भरली, की शून्याला जागाच उरत नाही. मग वाचणारी आज्ञा थांबत नाही. ती शेजारची घरेही वाचत सुटते. त्या घरांत दुसऱ्याची गुप्त माहिती असली, तर ती बाहेर पडू शकते. 'स्ट्रएलकॉपी' शून्य लावत असे; परंतु मूळ मजकुराची लांबी मोजण्यासाठी तो शेवटपर्यंत वाचत असे. मुळातच शून्य नसेल तर पुन्हा तीच आपत्ती!

यावर २०१५ मध्ये 'स्ट्रएसकॉपी' आले. ते शून्य लावते आणि मजकूर मावला नाही तर ऋण संख्या परत देऊन तसे कळवते. येथे तुम्ही विचाराल, जुन्याच फंक्शनात दुरुस्ती का केली नाही? कारण जुन्या फंक्शनाच्या उत्तरावर विसंबून असंख्य ठिकाणी पुढचा हिशेब केलेला होता. नाव तेच ठेवून उत्तराचा अर्थ बदलला असता, तर ते सारे हिशेब मुकाट्याने चुकले असते. नवे नाव दिल्यामुळे एकेक जागा तपासून बदलता आली. अखेर २०२४ मध्ये 'स्ट्रएलकॉपी' लिनक्समधून काढून टाकले गेले. म्हणजे वागणे बदलले, तर नावही बदलावे.

करून पाहा : शाळेच्या ग्रंथालयासाठी तीन फंक्शने हवी आहेत. एक पुस्तक शिल्लक आहे का ते सांगते, दुसरे ते विद्यार्थ्याच्या नावावर मांडते, तिसरे उशिराचा दंड काढते. तिघांना अशी नावे द्या, की दुसऱ्या वर्गातील मुलाला न विचारता त्यांचे काम ओळखता येईल. नुसते 'तपासा' हे नाव का पुरणार नाही, याचीही वर्गात चर्चा करा.