स्कूबाचे शिक्षण : घरच्या तलावात की सुटीतील समुद्रात?

गोवा आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या हंगामात पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणारी माणसे आता नवलाचा विषय राहिलेली नाहीत. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे अशा दूरच्या गावांहून सहलीस आलेली मंडळी मालवण-तारकर्लीस अथवा गोव्यातील ग्रँड बेटाजवळ अल्पकाळ पाण्याखाली जातात, माशांसमवेत छायाचित्र काढून घेतात आणि पुष्कळदा एक शोभिवंत कागदही घरी नेतात. हा कागद पाणबुड्याचे प्रमाणपत्र नव्हे, हे आरंभीच सांगणे अगत्याचे आहे. अशा चाचणी-बुडीत शिक्षक पाहुण्याला सतत धरून असतो. हवेची कळही बहुधा तोच फिरवितो. ज्याच्या आधारे जगात इतरत्र सोबत्यासह स्वतंत्रपणे बुडी घेता येते, ते प्रमाणपत्र वेगळे आणि त्याचे शिक्षणही वेगळे.

पाण्याखाली श्वास घेण्याचे आजचे साधन फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. श्वास ओढताच सभोवतालच्या दाबाइतकी हवा देणारी झडप, म्हणजेच रेग्युलेटर, हे त्याचे मर्म. टाकीत ‘ऑक्सिजन’ असतो हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः करमणुकीच्या बुडीसाठी तीत बहुधा आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. पुढे सीमास (१९५९), पॅडी (१९६६), एसएसआय (१९७०) अशा संस्था निघाल्या व त्यांनी शिक्षणक्रम आखले. नवशिक्याचा ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा दर्जा १८ मीटर खोलीपर्यंतचा असतो. पॅडीच्या क्रमात पुस्तकी अभ्यास, तलावातील पाच पाठ आणि खुल्या पाण्यातील किमान दोन दिवसांत विभागलेल्या चार बुड्या असतात. २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे हेही करून दाखवावे लागते. पोहण्यास वेळेची अट नसते, त्यामुळे विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणासही ते जड जाऊ नये.

मात्र विहिरीत शिकलेल्यांनाच एक गोष्ट प्रयत्नपूर्वक विसरावी लागते. सूर मारणारा मुलगा किंवा खडकावरची कालवे काढण्यासाठी बुडी घेणारा कोळी छाती भरून श्वास घेतो, तो कोंडून खाली जातो आणि तसाच वर येतो. त्याच्या छातीतील हवा खाली जाताना आकसते व वर येताना मूळच्या मापाला येते. यात अपाय नाही. टाकीतील हवेवर जगणाऱ्याचे गणित निराळे आहे. दहा मीटर खोलीवर दाब भूपृष्ठाच्या दुप्पट असतो. तेथे पाच लिटर हवा छातीत भरून घेतली व श्वास कोंडून वर आले, तर तीच हवा दहा लिटर होऊ पाहते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. इजा होण्यास दहा मीटरही लागत नाहीत. श्वास पूर्ण भरून कोंडलेला असेल तर दीड-दोन मीटर वर येणेही पुरेसे ठरू शकते, कारण दाबातील बदल पृष्ठभागाजवळच प्रमाणाने सर्वांत मोठा असतो. म्हणून ‘श्वास कधीही कोंडू नये’ हा पहिला नियम आहे, आणि तो अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांना बॉइलचा नियम शिकविण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

हा वेळ कोठे द्यावा, हाच खरा प्रश्न आहे. मुखवट्यात शिरलेले पाणी काढणे, तोंडातून निसटलेली नळी शोधून पुन्हा धरणे, सोबत्याच्या हवेवर वर येणे या कृती घराजवळच्या तलावात आठवड्याच्या अंतराने शिकल्यास मुरतात. घाबरलेल्याला पुन्हा प्रयत्न करता येतो. प्रकृतीविषयीची प्रश्नावली हीही घरीच पाहण्याची बाब आहे. दमा, फेफरे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची लेखी संमती लागते. ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून मिळणे सोपे. अंदमानातील स्वराज द्वीपावर (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक) पोहोचल्यावर हा अडथळा उभा राहिला तर सहलीचा विरस होतो. सुटीत साधी सर्दी झाली तरी कानातील दाब समतोल करता येत नाही आणि तीन-चार दिवसांचा सारा क्रम कोलमडतो.

तथापि तलाव म्हणजे समुद्र नव्हे. खाऱ्या पाण्याची घनता गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के अधिक असते. साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या माणसास समुद्रात अडीच किलोच्या आसपास जादा शिसे कमरेला बांधावे लागते. लाट, प्रवाह, होडीवरून उतरणे हे तलावात शिकता येत नाही. समुद्रही सर्वत्र सारखा नसतो. लक्षद्वीप वा अंदमानचे पाणी नितळ असते. गोव्याकडे नद्यांच्या गाळामुळे अनेकदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही. मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट त्या मानाने बरे. इंग्लंडमध्ये थंड व गढूळ खाणतलावात शिकलेला कोठेही बुडी घेऊ शकतो असे तेथील शिक्षक म्हणतात. त्यात थोडा अभिमान असला तरी तथ्यही आहे. केवळ नितळ पाण्यात शिकलेल्याने गोव्यात प्रथम स्थानिक वाटाड्यासह उतरावे, हे इष्ट.

सहलीवाल्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब परतीच्या प्रवासाची आहे. बुडीत रक्तात व ऊतकांत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्याआधी उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार संभवतात. विमानासाठी सर्वसाधारण मार्गदर्शन असे की एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. हे मार्गदर्शन सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू आहे, आणि बेळगाव शहरच सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. दुपारपर्यंत समुद्रात बुड्या मारून त्याच सायंकाळी चोर्ला किंवा आंबोली घाटाने गाडी वर काढणारे कुटुंब विमानात बसत नाही, म्हणून निर्धास्त असते. ते चूक आहे. मुक्काम एक रात्र वाढवावा, अथवा शेवटचा दिवस कोरड्या जमिनीवरील पर्यटनास ठेवावा.

घर आणि समुद्र यांपैकी एकच निवडण्याचे बंधन मात्र नाही. पुस्तकी अभ्यास आणि तलावातील पाठ आपल्या शहरी पुरे करून खुल्या पाण्यातील चार बुड्या अन्यत्र घेण्याची सोय प्रमुख संस्थांनी ठेवली आहे. पॅडीच्या नियमात अशा शिफारसपत्राची मुदत १२ महिने असते. पावसाळ्यात किनाऱ्यावरील बुड्या बंद असतात. त्या चार महिन्यांत तलावाचे पाठ उरकून दिवाळीच्या सुटीनंतर समुद्र गाठावा, हा क्रम सोयीचा पडतो. नाताळात गोव्यात गर्दी फार. निघताना शिक्षकाच्या सहीची पाठनोंद, डॉक्टरांचा कागद आणि ओळखपत्र जवळ असावे. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील, होडीवर आणीबाणीसाठी ऑक्सिजन आहे काय, आणि उपचाराचा दाबकक्ष सर्वांत जवळ कोठे आहे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.